पायथनकर

पायथनकरांसमोर कुणाचा पोपट झाल्याची गोष्ट सांगू नये. आमच्यातल्या एकाने सांगितली. बढती आपल्यालाच मिळणार या खात्रीने त्याने पेढे आणून ठेवले होते, आणि बढती मिळाली शेजारच्या टेबलावरच्या पोलिश बाईला. "चांगलाच पोपट झाला माझा," असं म्हणून तो सहानुभूतीच्या आशेने इकडेतिकडे पाहू लागला. पायथनकरांनी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "७ डिसेंबर १९६९." पुढची पाच-सात मिनिटं त्या खोलीत दोन इंग्रज वावरत होते. एक, मेलेला पोपट दुकानात परत करायला आलेलं गिऱ्हाईक, आणि दुसरा, पोपट मेलेला नाहीच, जरा पडलाय इतकंच, असं शपथेवर सांगणारा दुकानदार. दोन्ही आवाज पायथनकरांचेच. बढती हुकलेला माणूस मुकाट्याने स्वतःचे पेढे खात बसला.

पायथनकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते काय आहे हे रेडिंगच्या मराठी मंडळींत आता फारसं कुणाला आठवत नाही. बीबीसीवर १९६९ ते १९७४ या काळात 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' नावाचा कार्यक्रम होत असे. करणारे सहा जण: तीन केंब्रिजचे, दोन ऑक्सफर्डचे आणि चित्रं हलवणारा एक अमेरिकन. भाग ४५. या ४५ अध्यायांची पोथी ज्यांच्या जिभेवर आहे ते पायथनकर. आमचे काही एकटेच नाहीत. लंडनहून पश्चिमेकडे आगगाडीने निघालात तर स्लावला एक, स्विंडनला एक असे भेटत जातात. त्यांतले बरेच जन्माने इंग्रज आहेत, पण लक्षणं तीच. चीज म्हटलं की दुकानात एकही चीज नसलेला चीजवाला. स्पेनला सुट्टीवर जाणार म्हटलं की लाल झगा घालून धाडकन दार उघडणारे पाद्री. आमच्या ओळखीतलं एक जोडपं स्पेनला जाऊन आलं, ते पायथनकरांना पोर्तुगाल सांगून.

मुळात हा रोग त्यांना पुण्यातच जडला होता, फक्त दैवत वेगळं होतं. कॉलेजात असताना ते 'बटाट्याची चाळ' कॅसेटवरून म्हणून दाखवत. कॅसेटमध्ये प्रेक्षक जिथे हसले आहेत, तिथे हेही तेवढाच वेळ थांबत. समोरचे हसोत न हसोत, थांबण्याची वेळ चुकायची नाही. पु. लं.नी टेलिव्हिजनचं शिक्षण लंडनला बीबीसीतच घेतलं होतं, हा मुद्दा ते आता दोन्ही दैवतं जोडायला वापरतात, त्याला माझी हरकत नाही. पाठ म्हणणाऱ्याला मूर्ती बदलली तरी चालते, घंटा वाजवायला मिळाली म्हणजे झालं.

१९९९ साली, संगणकांची दोन हजार सालाची भानगड निस्तरायला जे हजारो लोक परदेशी गेले, त्यांत पायथनकर रेडिंगला आले. भानगड निस्तरली, हे राहिले. काही वर्षांनी कंपनीने त्यांना पायथन ही संगणकाची भाषा शिकायला बसवलं. सगळ्यांप्रमाणे त्यांनाही वाटलं की हे नाव अजगरावरून आलं असणार. पुस्तकातली उदाहरणं मात्र विचित्र होती. जिथे दुसऱ्या भाषांच्या पुस्तकांत अ, ब, क असतं, तिथे इथे 'स्पॅम' आणि 'एग्ज'. हा माणूस शाकाहारी घरातला. अंडं कळलं, स्पॅम काही कळेना. शेजारच्या इंग्रज सहकाऱ्याला विचारलं. त्याने आधी सांगितलं की ते डबाबंद डुकराचं मांस. मग सांगितलं की भाषा करणाऱ्या डच माणसाने, गिदो व्हान रोसमने, नाव घेतलं ते अजगरावरून नव्हे, मॉन्टी पायथनवरून. आणि मग तो खुर्चीवरून उठला आणि त्याने सबंध प्रवेश करून दाखवला. एक खानावळ, जिथला प्रत्येक पदार्थ स्पॅमचा. ज्या बाईला स्पॅम नको आहे तिची कुणी दादच घेत नाही. आणि कोपऱ्यात बसलेले शिंगाच्या टोपीवाले व्हायकिंग दर वेळी स्पॅमचं गाणं सुरू करून सगळ्यांची तोंडं बंद करतात. आपल्या मेलमध्ये साचणाऱ्या कचऱ्यालाही स्पॅम हे नाव त्या गाण्यामुळेच पडलं. साथ पसरली ती अशी, माणसाकडून माणसाला.

त्यांनी लायब्ररीतून डीव्हीडी आणल्या. पहिल्यांदा हसू आलं नाही, हे ते आजही कबूल करतात, आणि अभिमानाने करतात. ते वाट पाहत होते शेवटाची. आपल्याकडे विनोदाला शेवट लागतो. तमाशातली बतावणी असो की चौकात सांगितलेला चुटका, शेवटी टाळी पडली पाहिजे. इथे प्रवेश ऐन रंगात आला की एक लष्करी कर्नल येऊन 'पुरे झाला हा मूर्खपणा' म्हणून तो बंद पाडतो. नाहीतर चिलखतातला सरदार येतो आणि पिसं काढलेली कोंबडी एकाच्या डोक्यात हाणून निघून जातो. नाहीतर वरून सोळा टनांचं वजन पडतं. कारण उघड होतं. त्या काळच्या टीव्हीवरच्या प्रवेशांची कल्पना फक्कड असायची आणि शेवटची ओळ फुसकी, तिच्यापायी सगळं मुसळ केरात. या सहा जणांनी ठरवलं, शेवटची ओळच टाकून द्यायची. कल्पना संपली की पुढे चला. मधला सांधा टेरी गिलियम कात्रणांची चित्रं हलवून जोडायचा, आणि सुरुवातीला एक भलंमोठं पाऊल येऊन सगळं चिरडायचं.

ते पाऊल खरं आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ब्रॉन्झिनो नावाच्या इटालियन चित्रकाराचं एक जुनं चित्र आहे, त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या मदनाचा हा पाय. पायथनकरांकडे भारतातून पाहुणे आले की ते त्यांना नॅशनल गॅलरी दाखवायला नेतात. व्हॅन गॉगची सूर्यफुलं आहेत, लिओनार्दो आहे. त्यांच्यासमोरून पाहुण्यांना जवळजवळ हाकत नेऊन ते या कोपऱ्यापाशी उभे करतात. त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, सांगलीचे मामा-मामी अशा रीतीने मदनाच्या अंगठ्याचं दर्शन घेऊन परत गेले. मामींनी नमस्कारही केला म्हणतात. पाय होता, तेव्हा केला.

आता पायथनकर विनोद ज्या पद्धतीने सांगतात, ती पद्धत विनोदाला मानवणारी नाही. आधी पूर्वरंग: प्रवेश कोणत्या मालिकेतला, कुणी लिहिला, मूळ कल्पना काय होती. मग उत्तररंग, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग. मग तुम्ही हसला नाहीत तर शंकासमाधान. हसलात तर ते विचारतात, "पण का हसलात, सांगा बरं?" या प्रश्नानंतर पुन्हा हसू फुटलेला माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्या मते अधिकार नसताना पाठ म्हटला तर कोपही होतो. दाखला मार्गारेट थॅचरबाईंचा. ऑक्टोबर १९९० मध्ये बोर्नमथच्या पक्ष-अधिवेशनात बाईंनी लिबरल डेमोक्रॅटांच्या पक्षिचिन्हाची टर उडवायला मेलेल्या पोपटाचा उतारा म्हणून दाखवला. त्याच महिन्यात ईस्टबोर्नची पोटनिवडणूक त्याच मेलेल्या पोपटाने बाईंच्या पक्षाकडून हिसकावली, आणि नोव्हेंबरात बाई स्वतःच पायउतार झाल्या. पायथनकर हे सत्यनारायणाच्या कथेतल्या साधुवाण्याच्या चालीवर सांगतात: लेक प्रसाद टाकून गेली, नौका बुडाली. युरोप आणि पोल टॅक्स वगैरे कारणं ते जमेस धरत नाहीत.

त्यांच्या घरातच विरोधी पक्ष आहे. वहिनी कौन्सिलच्या हिशेब खात्यात आहेत आणि त्यांचं दैवत 'द टू रॉनीज'. रॉनी बार्कर आणि रॉनी कॉर्बेट, एक रुंद, एक बुटका. १९७१ ते १९८७ शनिवारच्या संध्याकाळी सबंध इंग्लंडला एकत्र बसवून हसवणारे. त्यांचा १९७६ चा एक प्रवेश हार्डवेअरच्या दुकानातला आहे. गिऱ्हाईक मागतं काहीतरी, उच्चार असा की दुकानदाराला ऐकू येतं भलतंच. मेणबत्त्या काढाव्यात तर त्याला हव्यात बागकामाच्या काट्याच्या मुठी. दुकानदार आत जातो, बाहेर येतो, शिडी चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. पायथनकर याला 'शाब्दिक कोटी' म्हणून निकालात काढतात.

"कोट्या कोण ऐकतंय?" वहिनी म्हणाल्या. "त्या कॉर्बेटचं तोंड बघ. माझ्या बाबांचं सांगलीला हार्डवेअरचं दुकान होतं. बिजागरी मागायची, ती काढली की म्हणायचं ही नको, कडी. कडी काढली की म्हणायचं पितळी नाही का? बाबा एक शब्द बोलायचे नाहीत. फक्त असे बघायचे. तेच तोंड आहे ते."

"पण त्याला शेवट आहे," पायथनकर म्हणाले. आरोप करावा तसे.

"शेवट असणं हा काय गुन्हा आहे का रे?"

एरवी वहिनी त्यांना 'अरे' म्हणतात. पाहुण्यांदेखत किंवा चिडल्या की 'अहो'. हा वाद पुढे 'अहो'पर्यंत गेला. वहिनींनी हुकमी पान काढलं: तो प्रवेश बार्करनेच लिहिला होता, पण जेराल्ड वायली या खोट्या नावाने. आपण मोठे नट म्हणून आपलं लिखाण कुणी गोड मानून घेऊ नये, ते त्याच्या गुणावर उतरावं, म्हणून. बरेच दिवस मंडळी हा वायली कोण असावा याचे तर्क लढवत बसली होती. "आणि अहो, तुमचे ते सहा जण. त्यांतल्या एकाने तरी नाव लपवलं का?" पायथनकरांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी चेहरा स्पॅनिश पाद्र्यासारखा केला आणि ते खोलीबाहेर गेले. एका अर्थी शेवटच्या ओळीशिवाय.

खरं सांगायचं तर मी अर्धा वहिनींच्या बाजूचा आहे. पण अर्धाच. 'मिनिस्ट्री ऑफ सिली वॉक्स' मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा तेव्हा पायथनकरांना सगळं माफ करून टाकतो. सप्टेंबर १९७० मध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला. जॉन क्लीज, काळी टोपी, छत्री, हातात ब्रीफकेस, लांबच लांब तंगड्या कशाही फेकत मंत्रालयात जातो. लोकांना हसू येतं ते तंगड्यांचं. मला येतं ते त्यानंतरचं. ऑफिसात एक गरीब अर्जदार बसला आहे. त्याची स्वतःची एक चाल आहे, फारशी वेडगळ नाही, पण सरकारी अनुदान मिळालं तर वेडगळ करता येईल असा त्याला विश्वास वाटतो. साहेब त्याला चालून दाखवायला सांगतात, विचारात पडतात, खात्याची तरतूद किती तुटपुंजी आहे ते समजावतात. कुणीही आवाज चढवत नाही, कुणी कुणाला वेडा म्हणत नाही. ज्याने कधी मंत्रालयात किंवा जिल्हा परिषदेत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाइल नेली आहे, त्याला या प्रवेशात इंग्रजी असं काही वाटणारच नाही. या मंडळींनी वेडेपणाला वेडेपणाने वागवलं नाही; त्याला अर्जाचा नमुना, शिक्का आणि टेबलापलीकडचा सभ्य माणूस दिला. पैसे भरून पाच-पाच मिनिटांचं भांडण मिळण्याचा दवाखाना हाही त्याच जातकुळीचा. भांडायला आलेला आधी काउंटरवर जाऊन दर विचारतो.

क्लीजला म्हणे पुढे जन्मभर लोक ती चाल करून दाखवायला सांगत आणि तो वैतागे. पायथनकरांना कुणी सांगावं लागत नाही. ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत त्यांनी ती पन्नाशी ओलांडल्यावर करून दाखवली, आणि जानेवारीचा पहिला आठवडा पाठीवर पडून काढला. पाठ कशाने भरली हे डॉक्टरला सांगायची पाळी वहिनींवर आली.

२०१४ साली पाच हयात पायथन लंडनच्या ओटू रंगमंदिरात पुन्हा एकत्र आले. सहावा, ग्रॅहम चॅपमन, १९८९ मध्ये, कार्यक्रमाला वीस वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस कमी असताना गेला होता. पहिल्या प्रयोगाची तिकिटं ४३.५ सेकंदांत संपली. त्या ४३.५ सेकंदांत पायथनकर पायथन भाषेत लिहिलेला एक खास प्रोग्रॅम चालवत होते, तो तिकीट आपोआप काढणार होता. प्रोग्रॅम सुरू व्हायला पाऊण मिनिट लागलं. पुढचे प्रयोग जाहीर झाले, तेव्हा वहिनींनी बोटाने दोनदा दाबून दोन तिकिटं काढली. प्रयोगाहून पायथनकर परत आले ते गंभीर होऊन. पोपटाच्या प्रवेशात क्लीज आणि त्याचा जोडीदार मायकल पॅलिन यांना मधेच हसू फुटलं होतं आणि वाक्यं इकडची तिकडे झाली होती. "यांना पाठ नाही," ते खिन्नपणे म्हणाले.

घराच्या डाव्या बाजूला एक इंग्रज आजोबा राहतात. मूळचे लँकेशायरचे, आयुष्यभर टपाल वाटलेले. पायथनकरांना आरंभी वाटलं होतं की ब्रिटिश विनोदावर बोलायला आता अस्सल ब्रिटिश शेजारी मिळाला. आजोबांना पायथन मुळीच आवडत नाही. त्यांचे मोरकॅम आणि वाइज. त्यांतल्या एरिक मोरकॅमचं जन्मनाव जॉन एरिक बार्थोलोम्यू. मोरकॅम हे त्याचं समुद्रकाठचं गाव, म्हणजे आपल्या हिशेबाने हा मोरकॅमकर. १९७१ च्या नाताळात या जोडीने आंद्रे प्रेव्हिन या नामांकित संगीत-दिग्दर्शकाला बोलावलं आणि एरिक त्याच्या वाद्यवृंदासमोर ग्रीगचा पियानो वाजवायला बसला. वाजवलं ते कानांना न सोसणारं. प्रेव्हिनने हरकत घेतली, तेव्हा एरिकने त्याची कॉलर धरून शांतपणे समजावलं की स्वर सगळे बरोबर आहेत, क्रम तेवढा आपला आहे. प्रेव्हिनने आपला भाग विमानतळावरून येताना टॅक्सीत पाठ केला होता. आजोबांच्या मते पाठांतर करायचं ते एवढंच करावं.

"तुमची ती पोरं परीक्षा पास झालेली होती," आजोबा कुंपणावरून म्हणाले. "त्यांना हसवलं काय, न हसवलं काय, पोटाची चिंता नव्हती. एरिक आणि अर्नी लहानपणापासून स्टेजवर होते. लोक हसले नाहीत तर पुढच्या आठवड्यात काम नाही."

हा ब्रिटिश विनोदातला सगळ्यांत जुना झगडा आहे, विद्यापीठ विरुद्ध तंबू. पायथनकर पुण्याचे असल्यामुळे साहजिकच विद्यापीठाच्या बाजूने. त्यांनी उलट टोला दिला की ब्रिटिश विनोद ब्रिटिशांना तरी कुठे कळतो? 'डिनर फॉर वन' हा अठरा मिनिटांचा इंग्रजी प्रवेश १९६३ मध्ये हाम्बुर्गला चित्रित झाला. नव्वदीच्या मिस सोफीचा वाढदिवस, जेवायला बोलावलेले चारही मित्र कधीच वारलेले, आणि म्हातारा बटलर चौघांच्या वाटची दारू पीत वाघाच्या कातड्याला अडखळत राहतो. जर्मनीत तो दर ३१ डिसेंबरला लागतो, लहान मुलंसुद्धा संवाद म्हणतात, आणि इंग्लंडमध्ये तो कित्येकांनी ऐकलेलाही नाही. आजोबांनीही ऐकला नव्हता. "जर्मन?" ते म्हणाले, आणि कुंपण कातरू लागले.

पायथनकरांची मुलगी विद्यापीठात आहे. तिचा आक्षेप निराळा. "बाबा, यात बाई कुठे आहे? बायकांची कामं पण पुरुषच करतायत, गाऊन घालून, किंचाळत. आणि खरी बाई एक, ती पण शोभेला." पायथनकरांनी कॅरल क्लीव्हलंडचं नाव घेतलं. "तीच ती एक," मुलगी म्हणाली. त्याआधीच्या, रेडिओवरच्या 'गून शो'त पीटर सेलर्स आणि स्पाइक मिलिगन लालकाका आणि बॅनर्जी होऊन जे हेल काढत, ते तर तिला दोन मिनिटंही ऐकवत नाहीत. सेलर्सने १९६० मध्ये भारतीय डॉक्टरच्या आवाजात एक गाणं म्हटलं होतं. त्याचंच नाव उचलून १९९८ मध्ये चार ब्रिटिश देशी नटांनी बीबीसी टीव्हीवर 'गुडनेस ग्रेशस मी' आणलं, ही तिच्या मते त्या गाण्याची वसुली. त्यातली मुंबईची मंडळी रात्री लस्सी पिऊन 'इंग्लिश' खायला जातात, वेटरच्या नावाची वाट लावतात आणि मेनूतला सगळ्यांत बेचव पदार्थ मागतात. हे पाहताना घरातले तिघंही एकदम हसतात. पायथनकर नंतर थोडा वेळ अस्वस्थ असतात. आपण पूर्वरंगाशिवाय हसलो हे त्यांना पचत नाही.

आणि मग त्यांना नगर सापडलं.

'गून शो' हा त्यांच्या लेखी इतिहासपूर्व काळ होता. १९५१ ते १९६०, नुसता रेडिओ. पण संशोधन करता करता ते मिलिगनच्या चरित्रापाशी आले आणि पहिल्याच पानावर थबकले. स्पाइक मिलिगन, जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर. बाप ब्रिटिश तोफखान्यात. पोरगं पुण्याला कॉन्व्हेंटमध्ये शिकलं, मग रंगून, मग इंग्लंड. पायथनकरांचं आजोळ नगर. त्यांनी त्याच रात्री, म्हणजे तिकडच्या पहाटे, मामांना फोन लावला.

"मामा, नगरचा मिलिगन ठाऊक आहे तुम्हाला?"

"कुठल्या गल्लीतला?"

"लष्करातला. तोफखान्याचा."

"मग तो आपला नव्हे, छावणीतला," मामा म्हणाले आणि झोपले.

मामा झोपले, भाचा जागा राहिला. सकाळपर्यंत सिद्धान्त तयार होता. मार्च १९६९ मध्ये बीबीसीवर मिलिगनचं 'क्यू फाइव्ह' सुरू झालं. त्यात प्रवेशांना शेवट नव्हता. नट मधेच थांबून, आता पुढे काय करायचं, असं म्हणत कॅमेऱ्याकडे चालू लागत. पायथनमधले टेरी जोन्स आणि मायकल पॅलिन ते पाहून हबकले, कारण त्यांना जे करायचं होतं ते याने आधीच केलं होतं. पायथन आलं ऑक्टोबरात, आणि दिग्दर्शक इयन मॅकनॉटन हाही 'क्यू फाइव्ह'वरूनच आला. इथवर सगळं खरं आहे. पायथनकरांनी त्याला एकच ओळ जोडली: अर्थात मॉन्टी पायथन नगरचं आहे.

आजोबा कुंपणावरून म्हणाले की मिलिगन आयरिश. पुढे त्याने आयरिश पासपोर्टच घेतला होता. पायथनकर म्हणाले, पासपोर्ट कुठलाही घ्यावा, पाणी नगरचं. नगर आता अहिल्यानगर झालं आहे हे मी सुचवून पाहिलं. तेवढ्याने सिद्धान्ताला काही धक्का बसला नाही, उलट पाटी कुठे लावायची आणि कोणत्या नावाने, असा एक नवा अर्ज त्यांनी कुठल्याशा कार्यालयाला पाठवला.

मुलगी सगळं ऐकत होती. 'गुडनेस ग्रेशस मी'त संजीव भास्करचं एक पात्र आहे, म्हातारे देशी वडील, ज्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट भारतीय. राजघराणं? सगळे एकाच घरात राहतात, घरच्याच धंद्यात असतात, लग्नं जुळवून करतात. इंडियन! "बाबा, तू ते अंकल झालायस," ती म्हणाली.

पायथनकरांना ते फार लागलं. "ते अंकल इंडियन म्हणतात," ते म्हणाले. "मी नगरचा म्हणतोय."

ससेक्समधल्या विंचेल्सीला मिलिगनची कबर आहे. तो २००२ मध्ये गेला. 'मी आजारी आहे असं सांगितलं होतं ना तुम्हाला' हा मजकूर त्याला दगडावर हवा होता. चर्चच्या अधिकाऱ्यांना तो इंग्रजीत चालेना, म्हणून तो आयरिशमध्ये कोरला आहे. पायथनकर तिथे नगरहून मागवलेली थोडी माती घेऊन गेले होते. ती हीथ्रोला कस्टमवाल्यांनी काढून घेतली होती, हे त्यांना आठवलं ते कबरीपाशी पिशवी उघडल्यावर. वहिनींच्या पर्समध्ये फराळाची पुडी होती. चिवडा वाहिला.

तर या दिवाळीला त्यांच्याकडे फराळाला इकडची जुनी मंडळी आली होती. १९६०-६२ च्या आसपास इंग्लंडात उतरलेले तिघे काका आणि एक काकू. आता सगळ्यांची स्वतःची घरं, दोघांची विल्टशरमध्ये दुसरी घरं, अंगात गरम शाली, हातात उंची वाइनचे ग्लास. काकू चकली मोडून खात होत्या. पायथनकर वाइन ओतत होते.

"तीन पौंड," डॉक्टरकाका म्हणाले. "सरकार तेवढेच न्यायला देत होतं. तीन पौंड खिशात घेऊन टिलबरीला बोटीतून उतरलो."

"तीनच्या तीन घेऊन?" रेल्वेतले काका म्हणाले. "चैन होती. माझा त्यातला एक एडनलाच गेला. दोन पौंडांवर हिवाळा काढला मी, त्रेसष्टचा. खोलीत गॅसचा मीटर. शिलिंग टाकलं तर ऊब, नाहीतर कोट घालून झोपायचं."

"मीटर होता?" तिसऱ्या काकांनी ग्लास खाली ठेवला. "आम्ही पाच जण आणि पॅराफिनचा एक शेगडा. उजवी बाजू शेकून झाली की एक जण ओरडायचा, मग सगळ्यांनी एकदम कूस बदलायची."

"पाच जण मावायचे म्हणजे खोली चांगली मोठी असणार," डॉक्टरकाका म्हणाले. "मी जिन्याखाली होतो. वर कुणी चढलं की डोक्यात धूळ."

"जिना घराच्या आत होता का?"

"तुम्हाला जागा तरी मिळाल्या," काकू म्हणाल्या. "आम्ही दोन महिने 'काळ्यांना जागा नाही'च्या पाट्याच वाचत फिरलो. माझं इंग्रजी सुधारलं ते त्याने."

"आंघोळ आठवड्यातून एकदा, सार्वजनिक न्हाणीघरात. रांग लावून."

"गरम पाण्याची?"

"कोमट."

"मग कसली तक्रार?"

वहिनी हातात शंकरपाळ्यांचा डबा घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या. मुलगी तोंडावर हात दाबून सोफ्याच्या मागे बसली होती. आम्ही तिघंही पायथनकरांकडे पाहत होतो. डॉक्टरकाकांनी उरलेली वाइन संपवली आणि सुस्कारा सोडला. "आणि हे आजच्या पोरांना सांगितलं ना, तर कुणाला खरं वाटायचं नाही."

पायथनकरांनी बोट वर केलं.

"काका, एक दुरुस्ती. हे सगळे पायथनचं समजतात, पण ते तसं नाही. चार यॉर्कशरवाल्यांचा हा प्रवेश मूळचा 'ॲट लास्ट द १९४८ शो'मधला. साल १९६७. क्लीज, चॅपमन, टिम ब्रूक-टेलर आणि मार्टी फेल्डमन. पायथनवाल्यांनी तो पुढे स्टेजवर घेतला."

"कोण हे चौघे?" रेल्वेतल्या काकांनी विचारलं. "कुठे राहायचे?"

"राहायचे नाहीत, टीव्हीवर होते. त्याच्या बऱ्याच टेप नंतर पुसून टाकल्या."

"सदुसष्टला टीव्ही?" डॉक्टरकाका म्हणाले. "आम्ही तर टीव्ही दुकानाच्या काचेतून पाहायचो, रस्त्यात उभे राहून."

काकूंनी उरलेली चकली बशीत ठेवली.

"दुकानाला काच होती?"